कायमच्या कोलोस्टॉमीसह जूनपासून पुन्हा शाळेत रुजू होत आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे

माध्यमिक_शिक्षिका (सातारा जिल्हा)

नमस्कार. मी एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. गुदाशयाच्या कर्करोगामुळे गेल्या दिवाळीनंतर माझी शस्त्रक्रिया झाली. गाठ अगदी खाली असल्याने गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही काढावे लागले, त्यामुळे पोटाच्या डाव्या बाजूला आता कायमची कोलोस्टॉमी आहे, म्हणजे मोठ्या आतड्याचे टोक पोटावर आणून तेथे तोंड (स्टोमा) केले आहे आणि मळ त्यावर लावलेल्या पिशवीत जमतो. केमोथेरपी संपली असून तपासण्यांचे अहवाल चांगले आले आहेत, आणि जूनमध्ये शाळा उघडली की कामावर जायला हरकत नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

घरात माझे व्यवस्थित चालते. पिशवी रिकामी करणे, बदलणे हे सगळे मी स्वतः करते. मात्र उंबरठ्याबाहेर पाऊल टाकायची वेळ आली की मन कच खाते. मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नात पंगतीत बसले असताना फ्लँज (पिशवी ज्यावर बसते ती त्वचेला चिकटणारी चकती) एका कडेने सुटली. फारसे कोणाच्या लक्षात आले नाही, तरीही तेव्हापासून मी चार तासांपेक्षा अधिक काळ घराबाहेर राहिलेली नाही. शाळेत तर सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत थांबावे लागेल, त्यात सलग तीन-तीन तास उभे राहणे आलेच.

माझ्या अडचणी अशा आहेत. शाळेत मी रोज साडी नेसते आणि परकराची नाडी नेमकी स्टोमाच्या वरून जाते. शाळेतले स्वच्छतागृह भारतीय पद्धतीचे आहे, त्यात खाली बसून पिशवी कशी रिकामी करायची हे मला जमत नाही. वर्गात शांतता असताना पोटातून वाऱ्याचा आवाज आला तर काय करावे, आणि सहकाऱ्यांपैकी कोणाला किती सांगावे, हेही ठरत नाही. आणखी एक गोष्ट, जी कदाचित कोणाला क्षुल्लक वाटेल, पण माझ्यासाठी ती नाही: दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांची रायगडाची सहल मी नेते. पुढच्या हिवाळ्यात ती नेण्याचा विचार मी करावा की सोडून द्यावा?

ज्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेथे उपचार उत्तम मिळाले, परंतु स्टोमाची काळजी शिकवणारे वेगळे कोणी नव्हते, म्हणून येथे विचारत आहे.


स्टोमा_परिचारिका (मुंबई)

ताई, तुमच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे फ्लँज त्वचेला किती घट्ट आणि किती काळ चिकटून राहते. मी अनेक वर्षे स्टोमा क्लिनिकमध्ये काम करते आहे आणि माझे मत असे झाले आहे की रुग्णाला धीर देण्याच्या आधी त्याची फ्लँज नीट बसवून द्यावी. पिशवी गळणार नाही अशी खात्री पटली की माणूस आपणहून बाहेर पडतो, आणि ती पटलेली नसेल तर कितीही समजूत घातली तरी तो दारातूनच परत फिरतो.

सर्वप्रथम स्टोमाचे माप पुन्हा घ्या. शस्त्रक्रियेनंतर स्टोमाला सूज असते आणि ती ओसरून त्याचा आकार कायम व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. अनेक जण रुग्णालयातून घरी जाताना दिलेल्या मापानेच पुढे कित्येक महिने फ्लँज कापत राहतात. मग भोक मोठे आणि स्टोमा लहान, अशी स्थिती होते. मधल्या उघड्या त्वचेला मळ लागतो, ती लाल होऊन पाझरू लागते आणि ओल्या त्वचेवर कोणतीच फ्लँज टिकत नाही. फ्लँजच्या खोक्यात गोल भोकांचा मापाचा कागद मिळतो. तो स्टोमाभोवती धरून पाहा आणि फ्लँजचे भोक स्टोमापेक्षा सर्व बाजूंनी दोन ते तीन मिलिमीटरच मोठे ठेवा.

त्यानंतर आरशासमोर खुर्चीवर बसून पोट नीट पाहा. केमोथेरपी संपल्यावर भूक परत येते, वजन वाढते आणि उभे असताना सपाट दिसणाऱ्या पोटाला बसल्यावर स्टोमाच्या शेजारीच वळी पडते. तुमची फ्लँज पंगतीत बसलेल्या अवस्थेत सुटली, यावरून मला हीच शंका येते. अशा वळीत थोडी स्टोमा पेस्ट भरून खोलगट भाग सपाट करून घ्यावा लागतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर आतल्या बाजूने फुगीर असलेली कॉन्व्हेक्स फ्लँज व सोबत पट्टा वापरावा लागतो. मात्र कॉन्व्हेक्स फ्लँज स्वतःच्या मनाने सुरू करू नका, एकदा स्टोमा नर्सला पोट दाखवूनच ती निवडा, कारण तिचा दाब चुकीच्या जागी पडला तर त्वचेला जखम होऊ शकते.

फ्लँज बदलायला सकाळी चहाच्याही आधीची वेळ सर्वांत चांगली, कारण तेव्हा आतडे शांत असते. जुनी फ्लँज ओढून काढू नये. एका हाताने त्वचा दाबून धरावी आणि दुसऱ्या हाताने वरून खाली हळूहळू सोडवावी. त्वचा कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. खोबरेल तेल, क्रीम, अंगाला लावायची पावडर, डेटॉल यांपैकी काहीही लावू नये. त्वचा सोललेली असेल तर स्टोमा पावडर भुरभुरवून जास्तीची झटकून टाकावी. फ्लँज लावल्यानंतर तळहात तिच्यावर एक-दोन मिनिटे दाबून ठेवावा, कारण तिच्यातला चिकट थर शरीराच्या उष्णतेने मऊ होऊन त्वचेत बसतो. बहुतेकांची फ्लँज तीन ते पाच दिवस टिकते. एप्रिल-मे महिन्यांत घामामुळे लवकर बदलावी लागली तर त्यात आपले काही बिघडले असे समजू नये. फ्लँजखाली खाज सुटली किंवा आग होऊ लागली तर वरून चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. मळ आत शिरू लागल्याची ती पहिली खूण असते. तेव्हा लगेच फ्लँज बदलावी.

आता साडीविषयी. नियोजित शस्त्रक्रियेच्या आधी रुग्णाला उभे करून, बसवून, वाकायला लावून आणि तो नेहमी जे नेसतो ते नेसवून पोटावर स्टोमाच्या जागेची खूण करण्याची पद्धत आहे. नाडीची रेषा आणि पोटाची वळी टाळणे हाच तिचा उद्देश असतो. तुमच्या बाबतीत ते झालेले दिसत नाही, पण त्यावर उपाय आहेत. परकराला नाडीऐवजी चार-पाच बोटे रुंद मऊ पट्टी शिवून घ्या आणि ती स्टोमाच्या वर, बेंबीच्या किंचित वरच्या रेषेवर येऊ द्या. नाडी ठेवायचीच असेल तर गाठ उजव्या कुशीला मारा. साडीखाली घालायचे ताणले जाणारे तयार शेपवेअरही अनेक स्त्रियांना सोयीचे वाटते, फक्त त्याने पिशवी इतकी दाबली जाऊ नये की मळ खाली उतरायला जागाच राहणार नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा, की स्टोमाला वेदना कळत नाही. नाडी किंवा पट्टा त्याला घासत असला तरी दुखणार नाही, म्हणून रोज एकदा डोळ्यांनी पाहणे आवश्यक आहे. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नये. स्टोमाचा लालसर रंग बदलून तो जांभळा-काळा दिसू लागला, रक्त थांबेना, किंवा पोट फुगून दुखू लागले आणि पिशवीत काहीच येईनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शाळेतल्या स्वच्छतागृहासाठी उकिडवे बसण्याची गरज नाही. निऱ्या आणि परकर वर धरून खोचा, भांड्यात आधी तांब्याभर पाणी ओता म्हणजे शिंतोडे उडणार नाहीत, मग भिंतीला एक हात टेकून थोडे पुढे वाका, पिशवीचे खालचे तोंड भांड्याकडे वळवा आणि क्लिप काढा. रिकामी झाल्यावर तोंडाची कड आतून-बाहेरून ओल्या टिश्यूने पुसली की वास राहत नाही. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीच्या वजनानेच फ्लँज खेचली जाते. पर्समध्ये घरी कापून ठेवलेली एक फ्लँज, एक पिशवी, टिश्यू, कागदी पिशव्या आणि एक जादा परकर कायम असू द्या. वापरलेली पिशवी रिकामी करून कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकावी, शौचकुपात कधीही टाकू नये.

आवाजाचे म्हणाल तर तो एक-दोन सेकंदांचा असतो. आवाज येतोय असे वाटताच हात सहज पोटावर आणून तळवा किंवा कोपराखालचा भाग स्टोमावर हलकेच दाबला तर तो दबतो, आणि वर्गात पुस्तक हातात धरून उभे राहणाऱ्या शिक्षिकेला हे फार सोपे आहे. शाळेच्या दिवशी सकाळी कोबी, राजमा, छोले, कच्चा कांदा आणि फसफसणारी पेये टाळा. घाईघाईने जेवू नका, कारण पिशवीतला बराचसा वारा हा घासाबरोबर गिळलेल्या हवेचाच असतो.

न विचारलेली एक गोष्टही सांगते. गुदाशय काढल्यानंतरही अनेकांना अधूनमधून पूर्वीसारखी शौचाला लागल्याची भावना होते. तेथल्या मज्जातंतूंमुळे ती होते आणि त्यात काळजीचे काही नसते. बसायला मऊ फोमची उशी वापरा. मधे भोक असलेली गोल उशी मात्र नको, तिने तेथल्या जखमेवर ताण येतो.


गडवाटकरी (पुणे)

मॅडम, माझी इलिऑस्टॉमी आहे, म्हणजे लहान आतड्याचे टोक पोटावर आणले आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज व व्रण होण्याच्या आजारामुळे) माझे संपूर्ण मोठे आतडे काढले आहे, म्हणून माझे सगळेच अनुभव तुम्हाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत हे आधी स्पष्ट करतो. मोठ्या आतड्याचे मुख्य काम पाणी आणि मीठ शोषून घेणे हे असते. तुमचे मोठे आतडे जवळजवळ पूर्ण शाबूत असल्याने तुमचा मळ बऱ्यापैकी घट्ट येत असेल, तर माझा दिवसभर पातळच येतो आणि त्यातून मीठही निघून जाते. इलिऑस्टॉमी असलेली जी मंडळी हे वाचत असतील त्यांनी चालताना नुसते पाणी पीत राहू नये, ओआरएसचे पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून सोबत ठेवावे. नुसत्या पाण्याने तहान भागल्यासारखी वाटते पण मळ अधिकच पातळ होतो आणि मीठ कमी पडून पायांत गोळे येतात. पोट साफ होण्यासाठीची रेचक औषधे आम्ही कधीच घ्यायची नसतात, आणि जी गोळी आतड्यात सावकाश विरघळण्यासाठी बनवलेली असते ती अनेकदा अख्खीच पिशवीत येते, म्हणून औषध लिहून घेताना प्रत्येक डॉक्टरांना इलिऑस्टॉमीची कल्पना द्यावी.

तुम्ही रायगडाचे विचारले आहे, म्हणून मुद्दाम लिहायला बसलो. सहल सोडून देऊ नका. मी राजगड, तोरणा आणि रायगड पिशवीसह चढलो आहे, आणि चढण्यापेक्षा तयारीच महत्त्वाची असते असे मला ठामपणे वाटते. शस्त्रक्रियेनंतर पहिले तीन महिने वजन उचलायचे नाही, हे डॉक्टरांनी सांगितले असेलच. स्टोमाच्या जागी पोटाचे स्नायू भेदून आतडे बाहेर आणलेले असते, त्यामुळे ती जागा कायमच थोडी कमकुवत राहते आणि जोर पडला तर शेजारून हर्निया होऊ शकतो. म्हणून आत्तापासून रोज चालायला सुरुवात करा, दर आठवड्याला थोडे अंतर वाढवा, आणि सहलीच्या दिवशी पोटाला आधार देणारा रुंद पट्टा बांधा. त्यात पिशवीसाठी जागा सोडलेली असावी. पाठीवरची सॅक हलकी असू द्या. तिचा कमरेचा पट्टा फ्लँजवरून जात असेल तर तो बांधूच नका.

गडावर जायचे असेल तर मी आदल्या दिवशी सकाळी नवी फ्लँज लावतो, त्याच दिवशी नाही, म्हणजे ती नीट बसली आहे की नाही हे घरीच कळते. पाचाडला गाडी थांबली की तेथे पिशवी रिकामी करून मगच पायऱ्यांना लागावे. महादरवाजापर्यंतची चढण मुलांच्या मागे राहून सावकाश चढली तरी कोणाचे काही अडत नाही, आणि एखाद्या वर्षी तब्येत साथ देत नसेल तर रोपवे आहेच. उन्हात उभ्या केलेल्या बसमध्ये जादा फ्लँज ठेवू नका. उष्णतेने चिकट थर वितळतो.

खाण्याच्या बाबतीत इलिऑस्टॉमीवाल्यांनी मक्याची कणसे, ओले खोबरे, अळंबी, शेंगदाणे आणि संत्र्याच्या फोडींवरचा पांढरा भाग यांपासून जपावे, कारण ते अर्धवट चावले गेले तर स्टोमाच्या तोंडाशी अडकतात. गडावर मिळणारी भाकरी, पिठले आणि दही मी व्यवस्थित खातो. भाजलेले कणीस मात्र मी पूर्ण सोडले आहे, ते मला अतिशय आवडत असूनही.

पोहण्याबद्दल येथे कोणी विचारलेले नाही, पण शाळेत सहलीनिमित्त कधी समुद्रकिनारी जाणे होईल म्हणून सांगतो. जखमा पूर्ण भरल्यावर पिशवीसह पोहता येते. आधी ती रिकामी करावी आणि वारा जाण्यासाठी असलेल्या कोळशाच्या छोट्या फिल्टरवर खोक्यात मिळणारा स्टिकर लावावा, कारण फिल्टर एकदा भिजला की काम करत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मला सर्वाधिक बळ मिळाले ते रॉल्फ बेनिर्श्के या अमेरिकी फुटबॉलपटूविषयी वाचून. १९७९ मध्ये माझ्याच आजाराने तो मरणाच्या दारात पोहोचला होता, आणि १९८० च्या हंगामात पोटावर पिशवी घेऊन तो सॅन दिएगो चार्जर्स संघाकडून पुन्हा मैदानात उतरला. त्याच्या खेळात तर अंगावर अंग आदळते. आपल्याला तर केवळ पायऱ्या चढायच्या आहेत.


सहचर (डोंबिवली)

ताई, माझ्या पत्नीची कोलोस्टॉमी होऊन बराच काळ झाला आहे. ती स्वतः लिहीत नाही, परंतु तिला विचारून आणि तिच्या संमतीने हे लिहीत आहे.

कोणाला सांगावे, या प्रश्नावर आम्ही दोघांनी पुष्कळ विचार केला होता. शेवटी तिने कार्यालयात दोघांनाच सांगितले. एक तिचे वरिष्ठ, कारण कधी अचानक जागेवरून उठावे लागले तर त्याचे कारण त्यांना माहीत असावे, आणि दुसरी शेजारच्या टेबलावरची मैत्रीण, कारण साडीवर डाग पडला आहे का हे तिला नुसत्या नजरेने विचारता येते. बाकीच्यांना 'पोटाचे मोठे ऑपरेशन झाले आहे' एवढेच ठाऊक आहे आणि ते खोटेही नाही. तुमच्या बाबतीत मुख्याध्यापक आणि एखादी विश्वासू सहशिक्षिका पुरे होईल असे मला वाटते. दोन तासांच्या मध्ये दहा मिनिटे हवीत, हे मुख्याध्यापकांना वेळापत्रक आखण्यापूर्वीच सांगावे, नंतर सांगितले तर बदल करणे अवघड होते.

देवपूजेविषयी कोणी उघडपणे विचारत नाही, पण घरोघरी हा प्रश्न येतो. आमच्या घरी गणपतीत पत्नीने स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून दूर राहायला सुरुवात केली होती. तिला कोणी तसे सांगितले नव्हते, तिनेच ठरवून घेतले होते. माझ्या आईने तिला हाताला धरून पूजेला बसवले आणि म्हणाल्या, की शौच प्रत्येकाच्याच पोटात असते, तुझे पिशवीत आहे एवढेच. त्यानंतर तो विषय आमच्या घरात निघाला नाही. सवाष्ण, हळदीकुंकू, उपवास सगळे चालू आहे. फक्त उपवासात पोट पूर्ण रिकामे ठेवत नाही, कारण रिकाम्या पोटी वारा अधिक होतो.

पती-पत्नीच्या संबंधांविषयीही लिहितो, कारण आम्हाला हे सांगणारे कोणी भेटले नव्हते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर संबंध ठेवण्याने स्टोमाला इजा होत नाही. आधी पिशवी रिकामी करावी, हवे तर तिच्यावर सुती कापडाचे आवरण चढवावे. गुदाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः रेडिएशन झालेले असेल तर, स्त्रियांना कोरडेपणा आणि वेदना होऊ शकतात आणि पुरुषांनाही मज्जातंतू दुखावल्यामुळे अडचणी येऊ शकतात. त्यावर औषधे आहेत, परंतु संकोचापोटी विचारले नाही तर डॉक्टर बहुधा स्वतःहून विषय काढत नाहीत. आमच्या बाबतीत सर्वाधिक वेळ गेला तो माझ्या गप्प बसण्यामुळे आणि तिने त्या गप्प बसण्याचा निराळा अर्थ लावल्यामुळे. म्हणून तुमच्या यजमानांनीही हे वाचावे अशी विनंती आहे.

खर्चाबाबत दोन उपयोगी गोष्टी. ऑस्टॉमीच्या (कोलोस्टॉमी, इलिऑस्टॉमी यांचे एकत्रित नाव) साहित्यावरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिल एकदा तपासून घ्या. तसेच ऑस्टॉमी रुग्णांना रेल्वेच्या प्रथम आणि द्वितीय वर्गाच्या मासिक व त्रैमासिक पासावर ५० टक्के सवलत आहे, सोबतच्या एका व्यक्तीलाही ती मिळते. उपनगरांतून रोज प्रवास करणाऱ्या अनेकांना ही तरतूद माहीतच नसते. विमानाने जाणार असाल तर सगळे साहित्य हातातल्या बॅगेत ठेवा, फ्लँज घरीच कापून न्या आणि डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र जवळ ठेवा. सुरक्षा तपासणीत स्वतंत्र खोलीत तपासण्याची विनंती करता येते.


माध्यमिक_शिक्षिका (सातारा जिल्हा)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिले, त्यासाठी ऋणी आहे. परिचारिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल माप घेतले. फ्लँजचे भोक खरोखरच स्टोमाच्या मानाने बरेच मोठे कापले जात होते, आणि बसल्यावर बेंबीच्या बाजूला वळीही पडते. सहचर यांचे उत्तर यजमानांना वाचायला दिले आहे.

एक शंका राहिली आहे. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले, की पोटातून पाणी सोडून आतडे धुण्याची एक पद्धत आहे आणि ती केली तर दिवसभर पिशवीत काहीच येत नाही. परीक्षेच्या पर्यवेक्षणाला तीन तास वर्ग सोडता येत नाही, तेव्हा याचा फार उपयोग होईल. ही पद्धत खरी आहे का, आणि ती सुरक्षित असते का?


निवृत्त_वनपाल (नंदुरबार)

बाई, ती पद्धत खरी आहे. तिला इरिगेशन म्हणतात आणि मी ती अनेक वर्षांपासून करतो आहे. माझीही तुमच्यासारखीच डाव्या बाजूची, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातली कोलोस्टॉमी आहे आणि ही पद्धत तशाच कोलोस्टॉमीला चालते. इलिऑस्टॉमी असलेल्यांनी ती करायची नसते.

साहित्य थोडकेच लागते: पाण्याची पिशवी, तिची नळी, नळीच्या टोकाला स्टोमाच्या तोंडात बसेल असा मऊ शंकू, आणि मळ थेट शौचकुपात जावा यासाठी पोटावर लावायची लांब पिशवी. पाणी पिण्यायोग्य आणि कोमट असावे. जे पाणी आपण पिणार नाही ते आतड्यातही सोडू नये. मी स्टुलावर बसतो आणि पाण्याची पिशवी खांद्याच्या उंचीवर खुंटीला टांगतो. नळीतली हवा आधी सोडून द्यावी लागते. शंकू हलकेच दाबून धरून पाणी पाच ते दहा मिनिटांत सावकाश आत जाऊ द्यायचे. अर्ध्या लिटरपासून सुरुवात करून परिचारिका सांगतील तेवढे वाढवायचे, बहुतेकांना एक लिटरपर्यंत पुरते. पोटात कळ आली तर नळीची चकती बंद करून दीर्घ श्वास घ्यायचा आणि कळ ओसरल्यावर पुढे चालू करायचे. पाणी आत गेल्यावर आतडे स्वतःच आकुंचन पावते आणि अर्ध्या-पाऊण तासात सगळे बाहेर येते. या सगळ्याला जवळपास एक तास लागतो. त्यानंतर मला दुसऱ्या दिवसापर्यंत, कधी तिसऱ्या दिवसापर्यंतही काही येत नाही, म्हणून मोठ्या पिशवीऐवजी मी स्टोमावर फक्त छोटी टोपी लावतो. रोज ठरलेल्या वेळीच करावे लागते आणि आतड्याला ती सवय लागायला काही आठवडे जातात, तेवढा धीर मात्र हवा. मी पहाटे करतो. पिशव्यांचा खर्चही त्यामुळे पुष्कळ कमी झाला आहे, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला ही गोष्ट लहान नाही.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते याच विषयातले आहे. आमच्या सातपुड्याच्या रानात कांडोळ नावाचे झाड आहे, पांढऱ्या सालीमुळे काही भागांत त्याला भुत्या म्हणतात. आदिवासी बांधव त्याच्या खोडाला खाचा पाडून डिंक गोळा करतात. नोकरीत असताना या डिंकाच्या वाहतुकीचे परवाने मी तपासत असे. तो पाणी शोषून फुगतो आणि चिकटतो. १९५२ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांच्या ध्यानात आले, की या डिंकाची पूड स्टोमाभोवतीच्या सोललेल्या त्वचेला वाचवते, आणि पुढे कित्येक वर्षे फ्लँजचा त्वचेला लागणारा थर याच डिंकाचा बनत असे. आज त्या जागी पेक्टिन, जिलेटिन आणि सेल्युलोजपासून बनवलेले थर आले आहेत. मी ज्या झाडांची राखण केली त्यांच्या डिंकाने जगभरातल्या माझ्यासारख्या माणसांची त्वचा वाचवली, हे स्टोमा क्लिनिकमध्ये कळले तेव्हा मला अतिशय समाधान वाटले.


स्टोमा_परिचारिका (मुंबई)

वनपाल काकांनी पद्धत अचूक लिहिली आहे. ताई, तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टींची भर घालते.

इरिगेशन सुरू करण्यासाठी तुमच्या शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल. केमोथेरपीमुळे पातळ शौच होत असतील तर ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी. स्टोमाशेजारी हर्निया असेल किंवा स्टोमा बाहेर लोंबत असेल तर ही पद्धत करू नये. हर्निया आहे का हे उभे राहून खोकताना हात लावून पाहिले की बहुधा कळते, पण ते डॉक्टरांनीच पाहावे. पहिली खेप नेहमी प्रशिक्षित परिचारिकेच्या समोर करावी. शंकूऐवजी साधी नळी आत घालणे टाळा, तिने आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो.

आपल्या जवळच्या मोठ्या शहरातील कर्करोग रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे का ते विचारा. मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये ते आहे, आणि ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही ऑस्टॉमी असलेल्यांसाठी काम करणारी संस्थाही मुंबईतच आहे. तेथे तुमच्यासारखेच जगणारे, नोकरी करणारे लोक भेटतात आणि ते जे सांगतात त्याचे वजन माझ्या सांगण्यापेक्षा जास्त असते, हे मी नेहमी पाहते.

शाळा सुरू व्हायला अजून अवधी आहे, तेव्हा मे महिन्याच्या सुरुवातीलाच क्लिनिकमध्ये जाऊन या, म्हणजे फ्लँजचा प्रश्न सोडवून इरिगेशनची सवय लागायला पुरेसे दिवस मिळतील. जाताना रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचा तपशील असलेला कागद न विसरता घेऊन जा. आतड्याचा कोणता भाग बाहेर आणला आहे हे त्यावर लिहिलेले असते, आणि ते पाहिल्याशिवाय कोणतीही परिचारिका पाणी सोडायला सुरुवात करणार नाही.